एर्मेलिंदाची मोरा

तपासणीला एक दिवस उरला असताना सेल्सो पाल्तीनच्या शेतात कासव शिरलं.

सकाळचं धुकं अजून विरलं नव्हतं. कॉफीचा मग घेऊन सेल्सो मागच्या दारात आला, तर त्याच्या स्वच्छ, मोकळ्या कुरणाच्या बरोबर मधोमध एक खडक होता. काल तिथे खडक नव्हता. जी जमीन त्याने अकरा वर्षं गुडघ्यांवर सरपटत वीत-वीत तपासली होती, तिच्यातला एकूण एक खडक त्याला तोंडपाठ होता. तो निरखून पाहत असतानाच खडकातून मान बाहेर आली, सावकाश लांब झाली आणि गवताचा एक घास तोडून परत आत गेली. नर होता, सहा माणसांना उचलणार नाही एवढा. आणि त्याचं तोंड पार गळ्यापर्यंत जांभळं झालेलं होतं.

"नोएमी," सेल्सोने बायकोला हाक मारली, "बाहेर ये जरा. आणि आईला सांगू नकोस."

पण आई केव्हाच ओसरीवर येऊन बसली होती. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या एर्मेलिंदाला पहाटेनंतर झोप म्हणून नसे. "मघाशीच बघितला मी त्याला," ती म्हणाली. "काय देखणा आहे."

सेल्सोला त्यात देखणं काही दिसेना. जांभळं तोंड म्हणजे मोरा, आणि मोरा म्हणजे त्याच्या जन्माचं वैर. काटेरी झुडूप, फळ करवंदाएवढं, दाणेदार, आधी लाल आणि मग काळंभोर, चव अशी की खाणारा काटे विसरतो. ती या बेटावरची नव्हेच. माणसाने आणली, परसात लावली, आणि तिने परसाकडे पाठ फिरवून डोंगराची वाट धरली. फांदी वाकून जिथे जमिनीला टेकेल तिथे ती मूळ धरते. बुंध्यात तोडली तर चौपट फुटते. तिचं बी मातीत दहा वर्षं निमूट पडून राहतं आणि अकराव्या वर्षी, आपण जरा मान वळवली की, उगवतं. जाळून पाहणाऱ्यांचा अनुभव असा की राखेवर ती आणखी तरारून येते. कोयता टेकून दम खाताना सेल्सोही कधी कधी तिच्याकडे बघत राही आणि मनातल्या मनात हात जोडी. मग घाम पुसून पुन्हा तोडायला लागे.

हे सगळं सोसवलं असतं. पण या उतारावर तिला नुसती मोरा कुणी म्हणत नसे. एर्मेलिंदाची मोरा म्हणत. बोलायला सवड नसली तर नुसतीच एर्मेलिंदा. कुणाच्या जीपचं चाक बसलं की 'एर्मेलिंदा घुसली'. कुणाचं वासरू सापडेना की 'एर्मेलिंदात बघा'. मुख्य भूमीवरून पहिली काडी तिने आणली हे साऱ्या वस्तीला ठाऊक होतं, आणि वस्ती असल्या गोष्टी विसरत नाही. एका रविवारी तर चर्चच्या पायरीवर पाद्रीबाबा दोन्ही हातांवरचे ओरखडे दाखवत म्हणाले, "काल एर्मेलिंदानं मला फार ओरबाडलं." सगळे हसले. पाद्रीबाबांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, पण सेल्सोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई डोळे मिटायच्या आत निदान आपल्या जमिनीवरून तरी तिच्या नावाचा हा डाग पुसायचा, असं त्याने त्या दिवशी ठरवलं. त्याला आता अकरा वर्षं झाली होती.

यंदा शेती खात्याने जाहीर केलं की ज्या शेतात मोरेचं एकही रोप सापडणार नाही, त्याच्या फाटकावर 'मोरा-मुक्त' अशी हिरवी पाटी लागेल. अर्ज एकट्या सेल्सोचा होता. तपासणी उद्या होती, आणि आज हे.

कासवाला हाकलून लावावं, तर तसं करता येत नाही. कासवाला हात लावणं सोडाच, दोन मीटरच्या आत जायचीसुद्धा बंदी आहे. कासव रस्त्यात बसलं की बस थांबते, दुधाची गाडी थांबते. एकदा एक नवरदेव दोन तास थांबला होता आणि नवरीने तिकडे चर्चमध्ये रडून घेतलं होतं. कुंपणाची खालची तार कासवाला जाण्यापुरती उंच ठेवावी असा नियम आहे, आणि सेल्सो नियमाचा माणूस. तार त्याने स्वतःच्या हाताने वर बांधली होती. शिवाय कासवाचं पोट म्हणजे सरकारी कचेरी. आज आत गेलेलं बाहेर यायला दोन-तीन आठवडे लागतात. तेव्हा शेताच्या मधोमध जे बसलं होतं ते नुसतं कासव नव्हतं, तीन आठवड्यांच्या मोरेची भरलेली कोठी होती.

सेल्सोने डोकं चालवलं. फाटक सताड उघडं टाकलं आणि कासवापासून फाटकापर्यंत पपयांच्या फोडींची ओळ मांडली. कासवाने पहिली फोड हुंगली आणि गिळली. मग दुसरी. चाल अशी संथ की बघणाऱ्याला आपण उगाच आयुष्यभर घाई केली असं वाटावं. सहावी पपई संपेतो ते निम्म्या वाटेवर आलं, आणि तिथे थांबून त्याने शेपटी उचलली.

"पुढून एवढं घातलंत," नोएमी म्हणाली, "तर मागून येणारच ना?"

त्या ढिगाऱ्यात जांभळ्या बिया मोहरीसारख्या चमकत होत्या. सेल्सोने नेमका दोन मीटरचा बांबू कापला, त्याच्या टोकाला नोएमीचा सूप वाढायचा डाव बांधला आणि कायद्यात राहून शेण बादलीत भरायला लागला. डाव कुणाचा, हे नोएमीला तो शेणात बुडाल्यावर कळलं. त्यावर ती जे बोलली ते ऐकून आईने ओसरीवरून कान टवकारले. एवढ्यात पपया संपल्या, आणि कासवाने वळून पपया जिथून येत होत्या त्या दिशेला, म्हणजे थेट घराकडे, कूच केलं.

कुंपणापलीकडे वॉशिंग्टन गुआमान हाताची घडी घालून बराच वेळ उभा होता. वॉशिंग्टन म्हणजे सेल्सोच्या मुलीचा धर्मपिता, म्हणून दोघं एकमेकांचे 'कोंपाद्रे'. कासव आलं होतं त्याच्याच जमिनीतून. तिथे मोरा त्याच्या डोक्याच्या वर हातभर गेली होती, आणि त्याने तिला कधी कोयता दाखवला नव्हता. तो म्हणे, मी तिच्याशी भांडत नाही, ती मला देते तेवढ्या जागेत राहतो.

"कोंपाद्रे," तो आता म्हणाला, "एर्मेलिंदा माहेरी आली म्हणायची."

बांबू उचलून सेल्सो कासवामागे निघाला. बोलायला तोंड उघडलं असतं तर मुलीचा धर्मपिता बदलावा लागला असता.

तेवढ्यात रस्त्यावर पर्यटकांची बस थांबली. वाटाड्याला सताड उघडं फाटक दिसलं आणि आत एक भलंमोठं कासव आणि त्याच्या मागे बांबूला डाव बांधून अदबीने चालणारा शेतकरी दिसला. त्याने तिथल्या तिथे कथा रचली. या डोंगरावरची माणसं कासवांना इतकं मानतात की त्यांचं शेणही जमिनीवर पडू देत नाहीत, असं त्याने सांगितलं. चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या आणि चाळीसच्या चाळीस जण फाटकातून आत आले. सगळ्यांच्या पायांत भाड्याचे रबरी बूट होते, आणि ते नुकतेच वॉशिंग्टनच्या मोरेतून फिरून आले होते. बुटांच्या खाचांत काय काय अडकलेलं असेल ते सेल्सोला चांगलं माहीत होतं. तो दोन्ही हात पसरून मागे हटा, मागे हटा म्हणत राहिला. त्यांना वाटलं, आशीर्वाद देतोय. एका बाईने तर मान वाकवली.

ती बस गेल्यावर सेल्सो खुरपं घेऊन बसला आणि ऐंशी पायांचे ठसे एकेक करून खरवडत सुटला. गुडघे दुखून आले. तोवर कासव गुरांच्या डबक्याशी पोचलं, हळूच आत उतरलं, आणि एक लांब सुस्कारा टाकून चिखलात रुतून बसलं. डबक्यात बसलेलं कासव दोन-दोन दिवस हलत नाही. दिवसभरात पहिल्यांदा सेल्सोला वाटलं की देव आहे.

दुसऱ्या दिवशी खात्याच्या इंजिनिअर बाई वेळेवर आल्या. येसेनिया त्यांचं नाव. वय तिशीचं, चष्मा जाड आणि स्वभाव त्याहून जाड, अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी खुंट्या ठोकल्या, दोऱ्या बांधल्या आणि एकेका पट्ट्यात गवत बोटांनी विंचरत त्या चार तास फिरल्या. सेल्सो मागून चालत होता. दर वेळी त्या वाकल्या की त्याचा जीव टांगणीला लागे, आणि दर वेळी त्या रिकाम्या हाताने सरळ होत. शेवटच्या पट्ट्यानंतर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"दॉन सेल्सो, सात वर्षं ही नोकरी करतेय," त्या म्हणाल्या. "शून्य असं मी आजवर कुठल्या शेतावर लिहिलं नाही. हे तुम्ही एकट्यानं केलंत?"

सेल्सोच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी कागद मांडीवर घेतला, पेन उघडलं. आणि डबक्यातलं पाणी हललं.

कासव बाहेर आलं. चिखल गाळत, एकेक पाय मोजून टाकत, ते या दोघांच्याच दिशेला चालायला लागलं. बाई उभ्या राहिल्या. नियम त्यांनाही होता. मागे दोरी, पुढे कासव. त्या आपल्या जागी स्तब्ध. डोंगरातून तुटून आलेला एक तुकडा पायांवर चालत यावा तसं ते आलं, आणि त्या थोर चेहऱ्याकडे बघताना सेल्सोसुद्धा घडीभर आपली काळजी विसरला. बाईंपासून बरोबर दोन मीटरवर ते थांबलं, सावकाश वळलं आणि शेपटी उचलली.

बाईंनी खिशातून चिमटा काढला. शेणातल्या बिया त्या मोजायला लागल्या आणि तीनशेच्या पुढे मोजणं सोडलं. मग कागद उलटून त्यांनी मागची बाजू काढली. तिथे एक रकाना होता: तणाचा या भागातला मूळ स्रोत.

"पक्षी," सेल्सो घाईघाईने म्हणाला. "पक्ष्यांनी आणली. नाहीतर वाऱ्यानं."

"वारा कशाला?" ओसरीवरून आवाज आला. "मी आणली. माझं नाव लिही, पोरी."

सेल्सो आईला गप्प करायला धावला. म्हातारी माणसं काहीही बोलतात, असं त्याने बाईंना सांगून पाहिलं. पण बाई ओसरीच्या पायरीवर जाऊन बसल्या होत्या, आणि एर्मेलिंदाला एवढं मन लावून ऐकणारं माणूस फार दिवसांनी मिळालं होतं. तिने सगळं सांगितलं. लग्न होऊन ती या बेटावर आली तेव्हा इथे मोरेचं एक पानही नव्हतं. पहिल्या वर्षी मृतांचा दिवस आला. काळ्या मक्याचं पीठ होतं, गूळ होता, दालचिनी होती; पण मृतांच्या नावाने ठेवायचं ते जांभळं दाट पेय, कोलादा, त्याला मोरेवाचून रंग नाही की चव नाही. तिकडे माहेरी, लोहा गावच्या मातीत, तिची आई पुरलेली, आणि तिच्या नावाने ठेवायला पेला मात्र फिक्या लापशीचा. त्या दिवशी ती न्हाणीघरात जाऊन रडली. पुढच्या वर्षी भावाच्या लग्नाला गेली, तेव्हा येताना मोरेची एक काडी बटाट्यात खोचून, ओल्या फडक्यात बांधून, पोलक्यात घालून घेऊन आली. मालवाहू बोट पाच दिवस डुलत होती. माणसं ओकून अर्धमेली झाली, प्यायचं पाणी मापाने मिळत होतं, आणि ती आपल्या वाटणीतलं अर्धं बटाट्याला पाजत होती.

"बोटीवर मी देवाला म्हटलं, एवढी काडी जगव," म्हातारी म्हणाली. "थांब कधी, ते सांगायचं राहून गेलं."

बाई हसल्या नाहीत. त्या लिहीत होत्या.

"पहिल्या वर्षी अकरा फळं धरली," ती पुढे म्हणाली. "रोज मोजायची मी. मृतांच्या दिवसाच्या आदल्या सकाळी बघते, तर एक कासव कुंपण मोडून आत आलेलं. अकराच्या अकरा खाऊन चालायला लागलं. झाडूनं मारलं मी त्याला. त्याला काही कळलंसुद्धा नाही. ते आपलं वर गेलं, डोंगरावर." तिने कुरणाकडे हनुवटी केली. "तेच हे. पाठीच्या कडेला टवका उडालाय बघ, डाव्या अंगाला. कालच ओळखलं मी."

सगळ्यांनी वळून पाहिलं. डाव्या बाजूला, मागच्या पायाच्या वर, कवचाची कड खरोखर उडालेली होती. बाई हलकेच म्हणाल्या की हे शक्य आहे. याचं वय शंभराच्या खाली नसावं. मोरेने उतार झाकला आणि कासवांच्या जुन्या वाटा बंद पडल्या. आता सगळ्या डोंगरात उघडं गवत इथेच आहे, म्हणून हे इतक्या वर्षांनी आपल्या वाटेने परत आलं असेल. थोडक्यात, सेल्सोने मोरा काढली म्हणूनच मोरा आली होती.

सेल्सोच्या डोक्यात मात्र एकदम लख्ख उजेड पडला. अकरा वर्षं जे कोयत्याने जमलं नव्हतं ते समोर चार पायांवर उभं होतं.

"म्हणजे डोंगरभर पसरवली ती त्यानं," तो बाईंना म्हणाला. "आईनं एक काडी लावली परसात, ती परसातच राहिली असती. मूळ स्रोत कासव. तसं लिहा. त्याला काय फरक पडतोय?"

बाईंचं पेन थांबलं. खरं तर त्यांनाही ते पटल्यासारखं दिसलं.

"खबरदार," एर्मेलिंदा म्हणाली. "तोंड त्याचं, पण हात माझा."

"आई, अगं सरकारी कागद आहे तो. कायम राहील."

"राहू दे की. म्हणून तर सांगतेय." ती खुर्चीत थोडी पुढे सरकली. "मला लिहिता येत नाही. सही मागितली की मी अंगठा देते. साठ वर्षं झाली इथं, माझ्या नावाचा एक दगड नाही कुठं. पण खाली बंदरापासून वर टोकापर्यंत माणसं दिवसातून दहा वेळा माझं नाव घेतात. कुणाला मिळतो एवढा मान? आणि हा अकरा वर्षं कोयता घेऊन ते खोडत बसलाय. मी म्हटलं, राबतंय पोर, राबू दे."

"मग सांगायचंस तरी," सेल्सो म्हणाला.

"तू विचारलंस कधी? तू आपला खाली मान घालून."

बाईंनी रकान्यात नाव लिहिलं, वर्ष लिहिलं, बोट आणि बटाटासुद्धा लिहिला. एर्मेलिंदाने ते मोठ्याने वाचायला लावलं. वाचून झाल्यावर पुन्हा एकदा वाचायला लावलं, आणि 'बटाटा' शब्दाशी मान डोलावली. मग शाईच्या पेटीवर अंगठा टेकवून तिने तो कागदावर असा दाबला की खालच्या प्रतीवरसुद्धा उमटला.

पाटी मिळाली नाही. बाईंनी सांगितलं की कासव जिथे जिथे बसलं त्या प्रत्येक जागेवर वर्षभर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागेल, कोंब दिसला की उपटावा लागेल, आणि पुढच्या वर्षी याच दिवशी त्या पुन्हा येतील. सेल्सोने हो म्हणून सही केली. जाता जाता त्यांनी कासवाला वाट दिली, नोएमीने केलेला बोलोन, कच्च्या केळ्याचा तळलेला गोळा, खाल्ला आणि आणखी एक कागदात बांधून नेला.

दुपारी धुकं वर उचललं गेलं. सेल्सो कुंपणाशी उभा होता. अकरा वर्षं त्याने मोरा फक्त पायाशी पाहिली होती: एक रोप, एक कोंब, एक मूळ. आज पहिल्यांदाच त्याने मान वर केली. त्याच्या जमिनीचा हिरवा चौकोन संपला की तिथून ती सुरू होत होती आणि चढत चढत थेट ढगात शिरत होती. फळं पिकून काळी पडलेली, पानांची पांढरी पाठ वाऱ्यावर लकाकत होती आणि आत हजारो पाखरं कलकलत होती. सगळा डोंगर तिने अंगावर घेतला होता, आणि हे सगळं निघालं होतं एका बाईच्या पोलक्यातून. वाईट झालं होतं, फार वाईट झालं होतं, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? पण त्याच्या अंगावर काटा आला आणि तो कितीतरी वेळ तसाच बघत राहिला.

मग तो घरात गेला. मृतांचा दिवस परवावर आला होता. अकरा वर्षं त्याने मोरेचं फळ उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. नोएमी कोलादा अननसावर भागवत असे आणि आई तो एक शब्द न बोलता पीत असे. सेल्सोने फळीवरचं मोठं पातेलं काढलं, ते घेऊन कुंपणापाशी आला आणि वॉशिंग्टनला हाक मारली.

वॉशिंग्टन मोरेतून वाट काढत बाहेर आला. पातेल्याकडे बघून त्याला आधी काही कळेना.

"थोडी मोरा हवी होती," सेल्सो म्हणाला. "आईच्या कोलादासाठी."

"घे की, कोंपाद्रे. विचारतोस काय?" वॉशिंग्टन म्हणाला. "तुझ्या आईचीच आहे."

"हो," सेल्सो म्हणाला, "तिचीच आहे." आणि त्याने तारेवरून पातेलं पुढे केलं.